सरावात पळते, स्पर्धेत बसते. मन कच्चं का तयारी?

माणदेशी_मामा:
माझी भाची साताऱ्यात शाहू स्टेडियमवर ८०० मीटरचा सराव करते, सरावात २:३२ लावते, पण परवा जिल्हा स्पर्धेत थेट २:४१. लगेच सगळे म्हणायला लागले "पोरीचं मन कच्चं आहे". मला पण तसंच वाटतंय. आमच्या माणमधल्याच मोहीची ललिता बाबर बघा, दुष्काळी गावातली पोर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत पळायची शर्यत) फायनलला गेली आणि दहावी आली, जिगर नसती तर जमलं असतं का हे? बाकी सगळं नंतर, आधी मन.

सांगलीचा_गडी:
मामा, नाही पटलं. जिगरच बघायची तर आमच्या सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचं २०२२ चं बर्मिंगहॅमचं कॉमनवेल्थ बघा. स्नॅचला (एका दमात डोक्यावर) ११३ किलो, क्लीन अँड जर्कला (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५, मग १३९ उचलताना कोपर गेलं तरी गडी तिसऱ्यांदा बारला हात घालायला आला. ह्यापेक्षा अजून कसलं मन पाहिजे? एकूण २४८ झाले आणि मलेशियावाला २४९ वर गोल्ड घेऊन गेला. कोपरानं साथ सोडली की मन काय करणार. आणि ललिताताई आधी मॅरेथॉन पळायच्या, मग स्टीपलचेसला आल्या, त्या पायांत कित्येक वर्षांचे किलोमीटर होते, ते कुणी मोजत नाही.

पहाटे_पाचला:
भाचीचा पहिला राउंड (४०० मीटर) किती सेकंदांत झाला ते आधी सांगा.

माणदेशी_मामा:
६८. सरावात ७४ असतो.

पहाटे_पाचला:
मग मिळालं की उत्तर! सहा सेकंद फास्ट सुटली, ६०० ला पाय दगड झाले असणार, ह्यात मन कच्चं कुठं आलं, पेस (पळायचा वेग) चुकला. पोरींना असले शिक्के मारू नका हो, मी स्वतः असला शिक्का घेऊन दोन वर्षं मैदान सोडलं होतं.

कृष्णाकाठ:
पण सुटली का फास्ट? शेजारची पुढं गेली म्हणून घाबरून ना? मग मनाचंच झालं की ते. आपली साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनला १७ वर्षांची असताना वर्ल्ड चॅम्पियन झाली, फायनलला १५ बाणांत १५० पैकी १४९, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये फक्त एक पॉइंट गेला. नुसत्या हाताच्या ताकदीवर नाही होत असं.

सांगलीचा_गडी:
मान्य, पण तिचं ते डोकं शांत राहणं पण रोज शेकडो बाण मारूनच आलंय ना. घरी बसून "मी जिंकणार" म्हणून नाही येत ते.

माणदेशी_मामा:
शिक्क्याचं लागलं मनाला. मीच काल तिला म्हणालो होतो, "तू घाबरट आहेस". आज संध्याकाळी जाऊन बोलतो तिच्याशी. आणि रविवारी चार-पाच पोरी सोबत पळवून बघतो, तिला फक्त ७४ चा राउंड धरायला सांगणार, बाकीच्या पुढं गेल्या तरी जाऊ दे. मन आधी हे मात्र मी अजून सोडलेलं नाही.