त्वचेतले तंतू मोजून वेदना मोजता येत नाही
मधुमेहात पायांची आग होत असली तरी 'एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी) नॉर्मल, म्हणजे नसांचं दुखणं नाही' असं म्हटलं जातं, ते चुकीचं आहे. एनसीव्ही फक्त जाड, मायेलिनवाले (चरबीचं आवरण असलेले) मज्जातंतू तपासते. आग आणि चटके मुख्यतः बारीक सी व ए-डेल्टा तंतूंमधून येतात, ते तिला दिसतच नाहीत.

हे बारीक तंतू बघायला घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून 10 सेंमी वर 3 मिमीची पंच बायॉप्सी (त्वचेचा छोटा गोल तुकडा) घेतात, 50 मायक्रॉनचे काप करून पीजीपी 9.5 (मज्जातंतूंतलं एक प्रथिन) दाखवणाऱ्या पद्धतीने रंगवतात. तुकडा नेहमीच्या फॉर्मॅलिनमध्ये टाकला की तंतू तुटक दिसतात. तुकडा टिकवायला झांबोनी किंवा पीएलपी नावाचं द्रावण हवं. मोजताना तळपडदा (त्वचेच्या वरच्या थराखालचा पातळ पडदा) ओलांडून वर शिरणारा तंतूच धरायचा, वर फुटलेल्या फांद्या वेगळ्या मोजायच्या नाहीत. इथे बऱ्याच जणांचे आकडे फुगतात.

खरी गोची पुढे आहे. तंतू विरळ झालेले दुखणाऱ्यांतही सापडतात आणि न दुखणाऱ्यांतही. म्हणून तुलनेला 'न्यूरोपथी (मज्जातंतूंची हानी) आहे, वेदना नाही' असा मधुमेही गट हवाच. नुसते निरोगी लोक घेतले तर न्यूरोपथीचं कारण हाती लागेल, वेदनेचं नाही. उरलेले तंतू आपोआप का पेटतात, म्हणजे कारण नसताना वेदनेचे संदेश का पाठवतात, हे शोधायचं तर सोडियम चॅनेलकडे, म्हणजे तंतूंवरच्या संदेश सुरू करणाऱ्या दारांकडे (एनएव्ही 1.7, 1.8) बघा, साखरेच्या चयापचयातून बनणारं मिथाइलग्लायॉक्सल 1.8 ला चिकटून त्याचं वागणं बदलतं.