इम्प्लांट: साधं ड्रिल की पिझो? (सोलापूर)

पूर्वभागकर: वडील ६१, खालची दाढ काढलीय, तिथे इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून त्यावर दात) बसवायचाय. एक डॉक्टर साध्या ड्रिलने करतो म्हणतात, दुसरे पिझोने (कंपनाने हाड कापणारं यंत्र), पैसे जास्त. हाड कशाने लवकर भरतं? बजेट ३० हजार. शुगर आहे.

होटगीरोड_७: पुण्याला न्या. मी दोन बसवले, ६० हजार एकाचे. आज ऊस सोलून खातो.

शेंगाचटणी: ३० म्हणालेत ते. आणि ऊस? डॉक्टर ओरडले नाहीत?

जुळेसोलापूर: डेन्साह बर (ड्रिलचं खास टोक) वापरायला सांगा! उलटा फिरतो, हाड खरवडून काढण्याऐवजी बाजूला दाबतो. माझा वरचा दात पहिल्या दिवसापासून घट्ट.

दातवाली_ताई: वरचा म्हणून. वरचं हाड भुसभुशीत, तिथे दाबून फायदा. खालचं आधीच टणक, जास्त दाबलं तर उलट मरतं. मूळ वैरी उष्णता: ४७ अंश मिनिटभर टिकली तरी हाडाला इजा. ड्रिल धारदार आहे का, सलाईनचं पाणी नीट सोडतात का, हे विचारा. पिझो कंपनाने कापतो, मऊ भागाला सहसा इजा करत नाही, म्हणून नस जवळ असेल तर बरा. पण वेळ लागतो. सुरुवातीच्या आठवड्यांत पिझोचं हाड थोडं पुढे दिसल्याचे अभ्यास आहेत, तीन महिन्यांनी फारसा फरक उरत नाही. आधी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करा. मिश्री लावत असतील तर ती बंद.

होटगीरोड_७: म्हणजे पुणेच.

गड्डा_प्रेमी: माझा तिसऱ्या आठवड्यात हलायला लागला. डॉक्टर म्हणे 'होतं असं'. पैसे गेले ते गेलेच.

दातवाली_ताई: दोन ते चार आठवड्यांत पकड थोडी ढिली होतेच, जुनं हाड झिजतं, नवं अजून कच्चं असतं. पण हाताला हलत असेल तर ते वेगळं, तेव्हाच दाखवायला हवं होतं.

शेंगाचटणी: कडक भाकरी कधी चालेल?

जुळेसोलापूर: दुधात भिजवून आजच. डेन्साह करा पण.

शेंगाचटणी: भिजवली तर कडक कसली? गप्प बसा हो.

पूर्वभागकर: सगळ्यांचे आभार. एचबीएवनसी ९.२ आली. ताई म्हणाल्या तसं आधी शुगर खाली आणू म्हटलं, तर वडील वैतागले. म्हणाले, कुणाचंच ड्रिल नको. साखर पेठेतल्या डॉक्टरांकडून काढता-घालता दात करून घेतला. ते तेलुगूत बोलतात, बिल साडेतीन हजार.

होटगीरोड_७: पुण्यात यापेक्षा छान बनवतात.