प्रति: उत्तर बरोबर, तरी शून्य गुण?
'माझ्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम नीट चालतो, मग कोर्सचा ऑटोग्रेडर शून्य का देतो?' या वरच्या प्रश्नाबद्दल. (ऑटोग्रेडर म्हणजे प्रोग्रॅम आपोआप तपासून गुण देणारं सॉफ्टवेअर.) नागपुरात हिंगणा रोडकडच्या एका कॉलेजात मी लॅब घेतो. दर आठवड्याला हेच रडगाणं. बहुतेकदा गणित बरोबर असतं, घोळ छापण्यात असतो. 'संख्या टाका:' असं प्रेमानं विचारलं की तीही ओळ आउटपुटमध्ये जाते, आणि ग्रेडर अक्षराला अक्षर जुळवून पाहतो. झालं, गेले गुण!

दशांशाचं दुखणं वेगळं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ०.१ + ०.२ बरोबर ०.३ आहे का विचारा, 'नाही' म्हणेल, कारण संगणकात ती बेरीज किंचित वेगळी येते. तिथे मात्र चूक टेस्ट, म्हणजे ग्रेडरची तपासणीची उदाहरणं, लिहिणाऱ्याची; त्यानं किंचित फरक चालवून घ्यायला हवा.

(ही तक्रार जुनीच असणार. १९६० साली अमेरिकेतल्या रेन्सेलर या तंत्रशिक्षण संस्थेत पंच कार्डांवरचे प्रोग्रॅम यंत्रच तपासत होतं.)

लपवलेल्या टेस्टवर चिडू नका. आमच्या एका पोट्ट्यानं दिसणाऱ्या तीन उदाहरणांसाठी तीन 'इफ' ('असं असेल तर' अशा अटी) लिहून उत्तरं थेट छापली होती. पूर्ण गुण! तेव्हापासून मीही टेस्ट लपवतो. तुमचा कोड इथे टाका, बघू.