शोचिपिल्ली: फुलांचा ‘राजकुमार’ म्हणायचं की ‘बाळराजे’?

एका लेखाचा अनुवाद करतेय, त्यात मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांचा देव आलाय, शोचिपिल्ली. फुलं, नाचगाणी, कला, आजार बरे करणं असं सगळं त्याच्याकडे. मी ‘पुष्पकुमार’ लिहिलंय पण फार पुस्तकी वाटतंय. आणि ‘आरोग्यदेवता’ चालेल का?

---

नाव आहे तसंच ठेवा आणि अर्थ पहिल्यांदा येईल तिथे द्या. शोचित्ल म्हणजे फूल. पिल्ली म्हणजे खानदानी, उमराव घराण्यातला माणूस, पण त्याच शब्दात मूल हा अर्थही आहे, म्हणून नुसतं राजकुमार म्हटलं की अर्धा अर्थ सुटतो. मला तरी ‘फुलांचे बाळराजे’ सगळ्यात जवळचं वाटतं, लाडही आला आणि मानही आला. (पिल्ली वाचून पिल्लू आठवणारच, पण तो निव्वळ योगायोग, आपलं पिल्लू तेलुगू पिल्ल, तमिळ पिळ्ळै यांच्या गोतातलं.)

‘फूल’ सुद्धा नीट बघा हं. नाहुआ भाषेत ‘इन शोचित्ल इन क्विकात्ल’, म्हणजे फूल आणि गाणं, असं जोडीनं म्हटलं की अर्थ होतो कविता. त्यामुळे फुलांचा देव हाच कलेचा देव, यात वेगळं काही जोडावं लागत नाही. त्लाल्मानाल्कोला सापडलेली त्याची दगडी मूर्ती मेक्सिको सिटीच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे, फोटो जरूर बघा, मांडी घालून बसलाय, मान वर, तोंडावर मुखवटा आणि अंगभर फुलं कोरलेली. अळंब्यांचे अभ्यासक गॉर्डन वॉसन यांनी त्यात तंबाखूचं फूल, विशिष्ट अळंबी, एका वेलीचं फूल अशा नशा आणणाऱ्या वनस्पती ओळखल्या, म्हणजे मान वर करून तो नुसता बसलेला नाही, भारावलेला आहे असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

‘आरोग्यदेवता’ मात्र नको. सोळाव्या शतकात साहागुन या पाद्र्यानं नाहुआ लोकांकडून ऐकून लिहून ठेवलंय की या देवाच्या सणाचा उपास असताना जो स्त्रीसंग करी किंवा जी पुरुषसंग करी त्यांना तो मूळव्याध नि गुप्तरोग देई, आणि मग लोक त्यालाच नवस बोलत. म्हणजे कोपही त्याचा आणि उताराही त्याच्याकडेच. आपल्याकडे देवीच्या साथीत देवीलाच साकडं घालायचे ना, तसंच. ‘नवसाला पावणारा’ लिहा, मराठी वाचकाला लगेच कळेल.

---

आणि माकुइल्शोचित्ल हा वेगळा देव का?

---

जवळजवळ तोच, किंवा भाऊबंद म्हणा. माकुइली म्हणजे पाच, तर ‘पाच-फूल’, ही त्यांच्या पंचांगातली तिथी आहे. पातोल्ली नावाच्या खेळाचा तो देव, पट फुलीच्या आकाराचा आणि फासे म्हणून खुणा केलेल्या घेवड्याच्या बिया. इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी एकोणिसाव्या शतकातच त्याची आपल्या पचीसीशी तुलना करून तो आशियातून गेला असावा असं मांडलं होतं, आज ते फारसं कुणी मानत नाही. उलटा प्रवास मात्र पक्का आहे, दसऱ्याचा झेंडू मूळचा तिकडचाच, त्याचं नाहुआ नाव सेम्पोवाल्शोचित्ल, म्हणजे वीस-फूल. अनुवादात झेंडू आला तर तिथे बिनधास्त झेंडूच लिहा.