यंदाचे सिनेमे: १ मे आत्ताच राखून ठेवा, आणि दोन शनिवार मोकळे

प्रेषक: सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,

आपल्या मराठी मंडळाचा वर्षाचा कार्यक्रम ठरवायला समिती पुढच्या आठवड्यात बसतेय. त्याआधी सिनेमांबद्दल लिहितोय, कारण गेल्या वर्षीची रुखरुख अजून गेलेली नाही. २०२५ च्या सप्टेंबरात १२ तारखेला ‘दशावतार’ आला आणि १९ ला ‘साबर बोंडं’. ‘दशावतार’मध्ये एक्क्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री होऊन उभे राहिले आणि आपण काय केलं? कोण कोण येणार, गाडीत जागा आहे का, यावर मेलामेली करत बसलो. ठरेपर्यंत इथले, परदेशातले, खेळ उतरले होते.

म्हणून १ मे २०२६ आत्ताच राखून ठेवा. रितेश देशमुखांचा ‘राजा शिवाजी’ महाराष्ट्र दिनी येतोय असं जाहीर झालंय. दिग्दर्शन त्यांचं, शीर्षक भूमिकाही त्यांचीच. संगीत अजय-अतुल, छायाचित्रण संतोष सिवन. या तारखेची आणखी एक गंमत लक्षात घ्या. ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ मुळात याच दिवशी येणार होता, तो पुढे १८ डिसेंबरला गेला. तो असता तर इथल्या थिएटरांत दुसऱ्या कुणाला पडदा मिळणं अवघडच होतं. आता जागा आहे, ती आपण मागायला हवी. आणि मागताना एक गोष्ट ठासून सांगायची: सिनेमा मराठी आणि हिंदी दोन्हींत होतोय, आम्हाला मराठी हवा. न सांगता बसलो तर हिंदीच लागेल, आणि महाराष्ट्र दिनी महाराजांना हिंदीत ऐकून परत यावं लागेल. मला ते अजिबात नकोय.

बाकीचं थोडक्यात. १९ जूनला ‘टॉय स्टोरी ५’, बालगटाने ठरवावं. १७ जुलैला ख्रिस्तोफर नोलनचा ‘द ओडिसी’. दिवाळीला नितेश तिवारींच्या ‘रामायण’चा पहिला भाग, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तेव्हा आपला दिवाळीचा कार्यक्रम आणि हा सिनेमा एकमेकांवर आदळणार नाहीत असं बघू. १८ डिसेंबरला वर सांगितलेल्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’बरोबर ‘ड्यून’चा तिसरा भागही आहे. त्याला ज्याने त्याने जावं, मंडळाने काही करायची गरज नाही.

---

प्रेषक: वाचक गटातून

दादा, १ मे पक्का. आमच्या घरचे चार धरा.

पण यादी वाचून एक हुरहुर वाटली. यात जे जे आहे ते आधीच गाजलेलं आहे. त्याची तारीख आपण लिहून ठेवली नाही तरी ती आपल्यापर्यंत पोचेलच. गेल्या वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला आपण अशीच यादी केली असती तर ‘साबर बोंडं’ कुणी लिहिला असता? त्याच महिन्याच्या अखेरीस रोहन कानवडेंच्या या पहिल्याच चित्रपटाला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेला मुलगा आणि त्याचा बालमित्र, एवढीच गोष्ट. ‘कोर्ट’चंही तसंच. २०१४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात बक्षीस मिळेपर्यंत त्याचे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे हे नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं?

माझं मागणं एवढंच की वर्षातले दोन शनिवार मोकळे ठेवावेत. एक उन्हाळ्यानंतर, एक वर्ष संपता संपता. त्यावर आज कुठल्याच सिनेमाचं नाव लिहायचं नाही. कुठला तरी लहान मराठी सिनेमा येईल आणि आपल्याकडे त्याच्यासाठी हॉल असेल. मोकळी तारीख नसली की चांगला सिनेमा ‘नंतर घरी बघू’मध्ये जातो, आणि घरी तो बघितला जात नाही. मी स्वतः तसे कितीतरी घालवले आहेत.

---

प्रेषक: थिएटरशी बोलणी करणारा सभासद

ताईंच्या सूचनेला माझा पाठिंबा. फक्त मोकळा शनिवार म्हणजे आदल्या दिवशी ठरवून चालेल असं समजू नका.

सिनेमा येतो डीसीपीच्या, म्हणजे थिएटरसाठी बनवलेल्या डिजिटल प्रतीच्या रूपात, आणि तो कुलूपबंद असतो. त्याची चावी, केडीएम, वेगळी येते. ती त्या एका पडद्याच्या सर्व्हरसाठीच बनवलेली असते आणि ठरलेल्या तारीख-वेळेपुरतीच चालते. ऐन वेळी थिएटरने दोन नंबरचा पडदा बदलून पाच नंबरचा दिला तर डिस्क हातात असूनही सिनेमा सुरू होत नाही. आपल्या एका खेळाला हे झालंय. लोक खुर्च्यांत बसलेले, लहान मुलं कंटाळलेली, आणि मी बाहेर फोनवर नव्या चावीची वाट बघत उभा. तेव्हापासून मी पडदा क्रमांक लेखी घेतो आणि आदल्या दिवशी दहा मिनिटं चालवून बघायची परवानगी मागतो. सबटायटल्स उमटतात की नाही तेही तेव्हाच कळतं.

दुसरं म्हणजे पहिले तीन दिवस. शुक्रवार ते रविवार किती खुर्च्या भरल्या त्यावर पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. ‘गर्दी ओसरल्यावर निवांत जाऊ’ असं आपण सगळेच म्हणतो, पण मराठी सिनेमाला तो निवांत आठवडा बहुतेकदा मिळतच नाही.

आणि ‘ओडिसी’ ७० मिमी आयमॅक्स फिल्मवर, म्हणजे डिजिटल नव्हे तर मोठ्या आकाराच्या खऱ्या फिल्मवर, बघायचा असेल तर माझ्याशी लगेच बोला. तो सिनेमा पूर्णपणे आयमॅक्स फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित झालाय, फिल्मवर दाखवू शकणारी थिएटरं जगात मोजकीच आहेत, आणि काही ठिकाणची तिकिटं बरोबर एक वर्ष आधी, १७ जुलै २०२५ लाच विक्रीला आली होती.

---

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

सर्वांस नमस्कार.

‘श्यामची आई’ला १९५४ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. त्यानंतर मराठीला तो मान थेट ‘श्वास’ने मिळवून दिला, २००४ साली. मधली पन्नास वर्षं मराठी सिनेमा आवडीने बघणारा माणूस वाट बघतच जगला. परदेशात तर कुणी गावाहून परतताना व्हिडिओ कॅसेट आणायचा, ती घरोघर फिरायची आणि माझ्या घरी पोचेपर्यंत चित्र पावसासारखं झालेलं असायचं. तरी आम्ही बघत होतो. तुम्ही मुलं थिएटरला पडदा मागताय, चावीची चौकशी करताय, हे वाचून फार बरं वाटलं.

माझी एक विनंती आहे. ‘क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम’ हा हेमंत ढोमेंचा सिनेमा १ जानेवारीला तिकडे लागला. बंद पडू घातलेली मराठी शाळा आणि तिच्यासाठी परत येणारे माजी विद्यार्थी. मी मराठी शाळेतच शिकलो आणि इथे दर रविवारी आपल्या शाळेत मुलांना बाराखडी शिकवतो. ताईंच्या दोन मोकळ्या शनिवारांची वाट न बघता हा आधी आणता येईल का? माझ्या वर्गातल्या मुलांना मोठ्या पडद्यावर मराठी फळा बघायचाय, आणि खरं सांगायचं तर मलाही.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती

काका, वितरकांना आजच लिहितो. सबटायटल्स असलेलीच प्रत मागतो, म्हणजे मुलांबरोबर त्यांचे मराठी न कळणारे पालकही येतील. तुमच्या वर्गासाठी मधली एक पूर्ण रांग धरतो. मुलं किती ते रविवारपर्यंत कळवा.

ताई, दोन्ही शनिवार वेळापत्रकात ‘मोकळा’ असेच छापतोय. १ मेची नावं याच मेलला उत्तर देऊन पाठवा, आणि आकडा पक्का असू द्या, कारण तो घेऊनच आम्ही पडदा मागायला जाणार आहोत.