समुद्री सॅटेलाइट टर्मिनल १६० मेगाहर्ट्झवर नापास, क्लास बी मध्ये मात्र पास. असं का होतंय?

अनिकेत_भोसरी:

नमस्कार मंडळी. आम्ही भोसरीत चार-पाच जण मिळून मासेमारी बोटींसाठी एल-बँड (१ ते २ गिगाहर्ट्झचा पट्टा) सॅटेलाइट मेसेंजर बनवतोय. ट्रान्समिट १६२६.५ ते १६६०.५, रिसीव्ह १५२५ ते १५५९ मेगाहर्ट्झ. डेकवर अँटेना आणि मोडेम एकाच डब्यात, केबिनमध्ये सात इंची स्क्रीनचं युनिट, दोन्हींच्या मध्ये एक केबल. सगळं बोटीच्या २४ व्होल्टवर चालतं.

हेच केबिन युनिट गेल्या वर्षी सीआयएसपीआर ३२ क्लास बी ला (घरगुती उपकरणांच्या रेडिओ उत्सर्जनाचं स्टँडर्ड) ३ मीटरच्या चेंबरमध्ये (बाहेरचे रेडिओ सिग्नल अडवणारी चाचणीची खोली) तपासलं होतं. १६० मेगाहर्ट्झला ३६ डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आलं, मर्यादा ४०. पास. आता गिऱ्हाईक आयईसी ६०९४५ चा (समुद्री उपकरणांचं स्टँडर्ड) रिपोर्ट मागतंय. अंतर तेच, १६० चा काटाही (आलेखावरचं टोक) तेवढाच उंच, पण मर्यादा २४! आजूबाजूला सगळीकडे ५४ आहे, तिथे आम्ही कितीतरी खाली आहोत. फक्त १६० च्या आसपास मर्यादा खाली घसरते, त्या एका खड्ड्यात अडकलोय.

पॉवर केबलवर फेराइट (केबलवरचा आरएफ करंट दाबणारं कडं) घातला, जेमतेम २ डीबी उतरलं. डब्याला आतून कॉपर टेप लावली, फरक नाही. स्क्रीन बंद केली की काटा गायब. पिक्सेल क्लॉक (स्क्रीनला डेटा देणारा ठोका) ३२ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे हा पाचवा हार्मोनिक (पाचपट फ्रिक्वेन्सी), इथपर्यंत पोचलो. फर्मवेअरवाला म्हणतो स्प्रेड स्पेक्ट्रम (क्लॉकची फ्रिक्वेन्सी थोडी मागेपुढे हलवत ठेवणं) चालू करू. मेकॅनिकलवाला म्हणतो प्लॅस्टिक सोडून ॲल्युमिनियमचा डबा करू, म्हणजे मोल्डवर केलेला खर्च पाण्यात. लहान बोटींसाठी या २४ मध्ये काही सवलत मिळते का? आणि नसेल तर या दोघांपैकी कोणाचं ऐकू?

वैदेही_ईएमसी:

अनिकेत, सवलतीचा विचार मनातून काढून टाका. मी गेली अनेक वर्षं चेंबरमध्ये हेच काम करते आणि या एका खड्ड्याबद्दल माझं मत पक्कं आहे: या पूर्ण स्टँडर्डमध्ये माणसाच्या जिवाशी सर्वात थेट संबंध कुठल्या रेषेचा असेल, तर १५६ ते १६५ मधल्या या रेषेचा.

त्या पट्ट्यात काय आहे ते बघा. चॅनल १६, म्हणजे १५६.८, ज्यावर मदतीची हाक जाते. चॅनल ७०, १५६.५२५, डिजिटल डिस्ट्रेस कॉलचा. १६१.९७५ आणि १६२.०२५ वर एआयएस (जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणारी यंत्रणा), ज्याच्या भरवशावर रात्री मोठं जहाज तुमच्या बोटीला ओळखतं. ५४ डीबी म्हणजे मीटरला ५०० मायक्रोव्होल्ट, २४ म्हणजे जेमतेम १६. आता हिशेब करा. १६० ला साध्या डायपोलचा (दोन दांड्यांची अँटेना) अँटेना फॅक्टर, म्हणजे फील्ड आणि अँटेनातून मिळणारं व्होल्टेज यातला फरक, १२ डीबीच्या आसपास येतो. म्हणजे २४ च्या फील्डमध्ये ३ मीटरवर उभ्या असलेल्या व्हीएचएफ (बोटीच्या वायरलेस सेटच्या) अँटेनाला उणे ९५ डीबीएम (१ मिलीवॅटच्या तुलनेत) मिळतात. एआयएस रिसीव्हरची सेन्सिटिव्हिटी उणे १०७ असते. म्हणजे मर्यादेत राहूनही त्याच्या उंबरठ्याच्या १२ डीबी वरच आहात. तुमच्या ३६ वर हा आकडा उणे ८३ होतो. स्टँडर्ड कडक नाही, उलट जितकं सोडता येईल तितकं सोडलंय.

तुम्ही म्हणाल, आमचा काटा बरोबर १६०.००० वर आहे, तिथे कुठला चॅनलच नाही. खरं आहे. पण म्हणूनच स्प्रेड स्पेक्ट्रम करू नका. सेंटरच्या दोन्ही बाजूंना १ टक्का स्प्रेड दिला तर तुमचा हार्मोनिक १५८.४ ते १६१.६ मध्ये पसरेल, आणि किनाऱ्याकडून बोटीकडे येणारे डुप्लेक्स (बोलायला आणि ऐकायला वेगळ्या फ्रिक्वेन्सीचे) चॅनल १६०.६२५ पासून सुरू होतात. चाचणीच्या रिसीव्हरची बँडविड्थ इथे ९ किलोहर्ट्झ असल्याने पसरलेला काटा चेंबरमध्ये छान बसलेला दिसेल, रिपोर्टवर शिक्काही मिळेल. बोटीवर मात्र एका रिकाम्या जागी उभा असलेला काटा तुम्ही वापरातल्या चॅनलवर नॉइज म्हणून पसरवलेला असेल. असा रिपोर्ट मागायला आलेल्यांना मी हे तोंडावर सांगते.

ही ९ किलोहर्ट्झची गोष्ट अजून एका कारणासाठी लक्षात ठेवा. क्लास बी ला १२० किलोहर्ट्झने मोजलं होतं. डीसी-डीसी कन्व्हर्टरचा पसरट आवाज ९ ला आपोआप खाली बसतो, क्लॉकचा अरुंद काटा जागचा हलत नाही. दोन्ही वेळा तुम्हाला ३५-३६ च का दिसलं, त्याचं उत्तर हे.

मग करायचं काय? क्लॉकच हलवा. ३० मेगाहर्ट्झ केला की पाचवा हार्मोनिक १५० ला आणि सहावा १८० ला जातो. दोन्ही खड्ड्याच्या बाहेर, तिथे मर्यादा ५४, म्हणजे तुमच्याकडे १८ डीबी मोकळे. सात इंची ८०० गुणिले ४८० चं नेहमीचं पॅनल असेल तर ब्लँकिंगसकट एका फ्रेमला १०५६ गुणिले ५२५ क्लॉक लागतात, ३० वर रिफ्रेश साधारण ५४ हर्ट्झ होईल. मेसेज वाचायच्या स्क्रीनला ते पुरे. पॅनलच्या डेटाशीटमध्ये किमान क्लॉक किती दिलाय तेवढं बघून घ्या. ३३.३ केलात तर १६६.५ येतं, तेही बाहेर आहे, पण फक्त दीड मेगाहर्ट्झने. मला ३० जास्त पटतो. मोल्डला हात लावायची गरज नाही.

आणि आता बसल्या बसल्या बोर्डावरचे सगळे क्रिस्टल एका कागदावर लिहा. १०, १६, २०, ४०, या प्रत्येकाच्या पटीत १६० येतो. २६ चा सहावा १५६ वर, अगदी कडेला. २७ चा सहावा बरोबर १६२, एआयएसच्या दोन चॅनलच्या मधोमध. समुद्री उपकरणात २७ चा क्रिस्टल दिसला की मी आधी त्याच्याकडे जाते. २४ आणि २५ यातून सुटतात. हे काम स्कीमॅटिक काढतानाच करायचं असतं, आणि त्याला पैसा लागत नाही.

फेराइटने २ च डीबी का, तर बहुतेक तुम्ही चुकीच्या केबलवर घातलाय. मला डेककडे जाणाऱ्या केबलचा संशय आहे. चेंबरच्या स्लॉटची वाट बघू नका, आरएफ करंट क्लॅम्प घ्या आणि एकेक केबल मोजा. ढोबळ हिशेबाने १ मीटर केबलमध्ये पाव मायक्रोॲम्पिअर कॉमन मोड करंट (केबलच्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने वाहणारा) असला तरी ३ मीटरवर २४ गाठला जातो. मोजायला प्रीॲम्प लागेल.

एक शेवटची काळजी, आणि ही तुमच्या पोटावर येणारी आहे. ३० चा ५१ वा हार्मोनिक १५३० वर पडतो, तुमच्याच रिसीव्ह बँडमध्ये. पळवाट नाही, ३४ मेगाहर्ट्झ रुंद पट्टीत ३० च्या पटीतला एक तरी आकडा येणारच. कुठलाही ईएमसी (उपकरणांनी एकमेकांत व्यत्यय न आणण्याच्या चाचण्यांचा) रिपोर्ट हे दाखवणार नाही. टर्मिनल उघड्या आकाशाखाली ठेवा, स्क्रीन चालू-बंद करत सी बाय एन झिरो (सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर) बघा.

हर्णै_मरीन_इलेक्ट्रॉनिक्स:

वैदेहीताईंनी बरोबर सांगितलंय. मी हर्णै बंदरात बोटींवर वायरलेस, जीपीएस, फिशफाइंडर बसवतो. एकदा एका ट्रॉलरवर नवीन स्क्रीन बसल्यापासून तांडेल (बोटीचा प्रमुख) सांगायचा की एआयएसवर जवळची जहाजं दिसतात, लांबची उशिरा उमटतात. अँटेना बदलली, कोॲक्स (अँटेनाची केबल) बदलली, कनेक्टरमधलं मिठाचं पाणी पुसून नवीन लावला. काही नाही. शेवटी त्या स्क्रीनचा फ्यूज काढला तर यादी भराभर भरली. त्या स्क्रीनवर सर्टिफिकेटचा स्टिकर होता, पण घरगुती उपकरणाचा.

अनिकेतभाऊ, साधी पद्धत सांगतो. बोटीवरच्या व्हीएचएफ सेटचा स्क्वेल्च (रिकाम्या चॅनलची खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडा, रिकाम्या चॅनलवर नुसती खरखर ऐका आणि तुमचं युनिट चालू-बंद करा. खरखरीचा आवाज बदलला, मध्येच दबला किंवा शिट्टी आली, की समजा तुमचं काहीतरी सेटमध्ये शिरतंय. हे दोन-तीन चॅनलवर करा. फक्त आधी डेकवरचे एलईडी फ्लड बंद करायला लावा, त्यांचे स्वस्त ड्रायव्हर इतका कचरा करतात की तुमचं काही ऐकूच येणार नाही.

केबल बांधणारे खलाशी तुमचं मॅन्युअल वाचत नाहीत. जिथे व्हीएचएफची कोॲक्स जाते त्याच पाइपातून तुमची केबल जाणार, त्याच झिपटायने आवळली जाणार. हे धरून चाला. आणि स्टिकरवर कंपासचं सुरक्षित अंतर मोठ्या अक्षरात छापा. स्पीकरचं लोहचुंबक असलेला डबा कंपासला चिकटून बसवलेला मी पाहिलाय.

हे सगळं आता जास्त महत्त्वाचं आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला कार्यक्रम झाला त्या सरकारी योजनेत १ लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसायचे आहेत. २० मीटरच्या वरच्या बोटींना एआयएस आहेच. पूर्वी केबिनमध्ये एक रेडिओ असायचा, आता पाच डबे एकमेकांना खेटून असतात.

अनिकेत_भोसरी:

दोघांचेही मनापासून आभार. क्लॉक ३० केला, पॅनल व्यवस्थित चालतंय. टेबलावर नियर फील्ड प्रोबने १६० वर आता काही दिसत नाही, १५० वर आहे. क्लॅम्पने मोजलं, ताईंचा संशय खरा, डेकची केबलच बोलत होती. तिच्या शील्डला कनेक्टरपाशी वायरची शेपटी काढून जोडलं होतं, ती काढून शील्ड चारी बाजूंनी धातूच्या बॅकशेलला दाबून घेतली. तिथला करंट बराच पडला.

आणि १५३० ची भीतीही खरी निघाली. गच्चीवर ठेवून पाहिलं, स्क्रीन चालू केली की सी बाय एन झिरो दीड डीबीने पडायचा. एलसीडीच्या क्लॉक लाइनवर प्रोसेसरच्या पायाशी ३३ ओहमचा रेझिस्टर टाकला, कडा मंदावल्या, आता फरक कळत नाही इतका कमी आहे. आमच्याकडे हे तपासायचं कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

आता इम्युनिटी, म्हणजे बाहेरच्या फील्डमध्ये युनिट टिकतं का याची चाचणी. १० व्होल्ट प्रति मीटर, ८० मेगाहर्ट्झ ते २ गिगाहर्ट्झ. चेंबरच्या आत सॅटेलाइट कुठून आणायचा? लिंकच नसेल तर पास-नापास कशावरून ठरवणार?

वैदेही_ईएमसी:

चाचणीच्या आधी टेस्ट प्लॅन लिहा आणि लॅबकडून मान्य करून घ्या. हा कागद नसला की स्लॉटचा अर्धा दिवस वादात जातो. सॅटेलाइटच्या जागी सिम्युलेटर किंवा दुसरं मोडेम चेंबरच्या बाहेर ठेवून ॲटेन्युएटरमधून (सिग्नल कमी करणारा भाग) लिंक द्या. लेव्हल प्रत्यक्षातल्याइतकीच कमजोर ठेवा, भरपूर सिग्नल देऊन पास होण्यात काही अर्थ नाही. ठरावीक वेळाने मेसेज जाऊ द्या आणि किती पोचले, किती पुन्हा पाठवावे लागले हे नोंदवा. लॅपटॉप आत नेऊ नका, ऑप्टिकल फायबरवरून डेटा बाहेर काढा. रिसीव्हरच्या स्वतःच्या बँडला सूट असते, ती प्लॅनमध्ये आकड्यांसह लिहा. मॉड्युलेशन इथे ४०० हर्ट्झ आहे, नेहमीचं १ किलोहर्ट्झ नाही. लॅबचं सॉफ्टवेअर जुन्या सेटिंगवर असू शकतं, सुरुवातीलाच विचारा.

१० व्होल्टचा अर्थही समजून घ्या. बोटीचा व्हीएचएफ सेट २५ वॅटचा, अँटेना डायपोल धरली तर साडेतीन मीटरवर फील्ड १० व्होल्ट प्रति मीटर येतं. १ मीटरवर ३५.

हर्णै_मरीन_इलेक्ट्रॉनिक्स:

ताई, साडेतीन मीटर मोकळी जागा आमच्या लहान बोटींच्या केबिनच्या टपावर नसतेच. एकाच पाइपावर व्हीएचएफची काठी, जीपीएसचा कप आणि दिवा असतो, अनिकेतभाऊंचा डबाही तिथेच हातभर अंतरावर बसणार.

वैदेही_ईएमसी:

मग अनिकेत, १० ला पास झाल्यावर लगेच सामान आवरू नका. त्याच स्लॉटमध्ये १५६ ते १६३ एवढाच पट्टा ३५ व्होल्टला चालवून घ्या. रिपोर्टला त्याची गरज नाही, पण तांडेलने चॅनल १६ वर बटण दाबलं की तुमचं मोडेम रीसेट होतं की टिकतं, ते तिथेच कळेल.