शब्दचर्चा : पोशाखी, देमार आणि सुतावरचा स्वर्ग

जुन्या, तुटपुंज्या पैशांत उरकलेल्या जादू-तलवारींच्या चित्रपटांवर चार ओळी लिहायला बसलो आणि दुसऱ्याच ओळीत अडकलो. कोणते चित्रपट ते कळलंच असेल. पुठ्ठ्याची गुहा, डोळ्यांत दिवे लावलेली मूर्ती, दर पंधरा मिनिटांनी धुरातून प्रकट होणारा कुणीतरी दाढीवाला. याला मराठीत म्हणायचं काय?

हाताशी पहिला येतो तो 'पोशाखी चित्रपट'. धड ऐतिहासिक नाही, धड पौराणिक नाही, पण अंगावर झगमगीत कपडे आणि कमरेला तलवार आहे, अशा कल्पित राजा-राणीच्या गोष्टींना हे नाव मिळालं. मूळ शब्द फारसी पोशाक. पंचाईत अशी की 'पोशाखी' हा मराठीत टोमणाही आहे. पोशाखी पुढारी, पोशाखी देशभक्ती : वरून थाट, आत पोकळ. म्हणजे नावातच निकाल लावून मोकळे. शिवाय ज्या चित्रपटांबद्दल मी बोलतोय त्यांत पोशाखाचीच बोंब असते. जाड सूत विणायचं, त्याला चंदेरी रंग मारायचा, झालं सेनापतीचं साखळी-चिलखत. पळताना ते गुडघ्यांवर मऊपणे हेलकावतं आणि लोखंडाचं सोंग तिथेच उघडं पडतं.

दुसरा अडथळा 'चार्म'. 'त्या चित्रपटांना एक चार्म आहे' असं बोलताना सहज म्हणतो. लिहिताना 'आकर्षण' टाकलं तर ते भौतिकशास्त्रातलं वाटतं, आणि 'सौंदर्य' म्हणायला जीभ रेटत नाही.

तिसरा 'नॉस्टॅल्जिया'. त्याला 'स्मरणरंजन' आणि 'गतकातरता' असे दोन शब्द रुळले आहेत. दोन्ही मला अर्धे अर्धे पटतात. सुचवा.

प्रतिसाद : अद्भुत आहे की!

'अद्भुतरम्य' हा शब्द वापरात असताना नवा कशाला शोधायचा? १८६१च्या 'मुक्तामाला'पासूनच्या आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांना समीक्षक हेच विशेषण लावत आले आहेत. भयपट, गूढपट, युद्धपट यांच्या रांगेत 'अद्भुतपट' आरामात बसतो.

'साहसपट' मात्र जपून वापरा. आज साहस म्हणजे धाडस, पण संस्कृतात त्याला अविचाराचा वास आहे. धर्मशास्त्रात तर 'साहस' हा बळजबरीच्या गुन्ह्यांचा वर्गच आहे. संस्कृत कवी भारवीचं 'सहसा विदधीत न क्रियाम्' आठवा : काहीही एकाएकी, विचार न करता करू नये. त्याच 'सहसा'चा अर्थ मराठीत 'बहुतेक वेळा' कसा झाला हा वेगळ्या चर्चेचा विषय. पण हातात दोन तलवारी आणि एक धुराचं यंत्र असताना समुद्रराक्षसाची गोष्ट सांगायला निघणं हे जुन्या अर्थानेही साहसच की.

प्रतिसाद : देमार

'देमार' विसरलात? दे आणि मार, दोन आज्ञार्थी क्रियापदं जोडून विशेषण करणारी आपली भाषा. 'मारधाडपट'पेक्षा मला हा शब्द जास्त आवडतो, कारण उच्चारतानाच ठोसा बसतो. जादू त्यात येत नाही हे कबूल.

प्रतिसाद : चार्म म्हणजे मंत्रच

'चार्म'चा मूळ अर्थ पाहिला की वाट सापडते. लॅटिन 'कार्मेन' म्हणजे गाणं, मंत्र. त्यावरून फ्रेंचमार्गे चार्म, म्हणजे मुळात मंतरणं. 'ग्लॅमर' तर 'ग्रामर'चंच स्कॉटिश रूप आहे. पोथ्या वाचता येणाऱ्याला जादू येत असणार, असा लोकांचा समज. तेव्हा मराठीतही जादूच्याच घरातला शब्द घ्या : मोहिनी, भुरळ, भूल.

माझं मत 'भूल'ला. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे मोह, आणि शस्त्रक्रियेआधी देतात तीही भूलच. पैसेवाला, चोख चित्रपट तिसऱ्या अर्थाने भूल देतो. त्यात काय खरं काय खोटं हे कळायची सोयच नसते. जुना गरीब अद्भुतपट आपल्याला पूर्ण शुद्धीवर ठेवतो, तरी आपण भुलतो.

एक दृश्य घेऊ. १९६३चा 'जेसन अँड द अर्गोनॉट्स'. (तो काही अगदी फाटका चित्रपट नव्हे, पण खर्च मोजून मापून केलेला होता.) सात सांगाडे आणि तीन माणसं यांची तलवारबाजी. रे हॅरीहाउसेन एकटा बसून ते सांगाडे हलवत होता. प्रत्येक बाहुलीच्या आत सांधे असलेला धातूचा आणखी एक सांगाडा. तो तसूभर हलवायचा, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायचा. पडद्यावर काही मिनिटांत संपणाऱ्या या मारामारीला चार महिन्यांहून जास्त वेळ गेला. (गजाचे तसू २४ आणि चित्रपटात सेकंदाला लागणाऱ्या चौकटी, म्हणजे फ्रेम, त्याही २४. योगायोगच, पण 'तसूभर' लिहिताना बरं वाटलं.)

आता ते सांगाडे बघताना जो एक हिसका जाणवतो, त्याचं कारण साधं आहे. खरा माणूस तलवार फिरवतो तेव्हा चित्रात पात्याची कड पुसट होते. बाहुली चित्र घेताना निश्चल असते, त्यामुळे प्रत्येक चौकट लख्ख आणि हालचाल हिसक्याहिसक्याने. डोळ्याला लगेच कळतं की हे जिवंत नाही. पण सांगाडा तसाच चालणार ना? जिवंत नसलेल्याने थोडं अडखळायलाच हवं. म्हणजे तंत्राची उणीव त्या पात्राच्या पथ्यावर पडली. याला मी भूल म्हणेन. 'चार्म'ची गरज नाही.

प्रतिसाद : कातर

नॉस्टॅल्जियाबद्दल. हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी ग्रीकमधून घडवला : नोस्तोस म्हणजे घरी परतणं, अल्गोस म्हणजे वेदना. घरापासून दूर राहिल्यामुळे जडणारा तो चक्क रोग होता. 'गतकातरता'त ती वेदना आहे. कातर म्हणजे हळवं, भ्यालेलं. कातरवेळ म्हणताना जे पोटात होतं ते. 'स्मरणरंजना'त वेदना गायब, नुसती करमणूक उरते. तुमच्या चित्रपटांसाठी स्मरणरंजनच योग्य. पुठ्ठ्याच्या राक्षसासाठी कातर व्हायला कुणी बसलेलं नाही.

प्रतिसाद : मला कसलं स्मरण?

वरच्या प्रतिसादाशी असहमत. मी यातले बरेच चित्रपट गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा पाहिले. माझं त्यांच्याशी ना बालपण जोडलेलं, ना गत, ना कातर. तरी ते मला आवडतात, आणि हसायला मिळतं म्हणूनच नव्हे. १९८२च्या 'द बीस्टमास्टर'मध्ये काळा बिबट्या म्हणून वावरणारा प्राणी हा काळा रंग लावलेला वाघ आहे. एकदा हे कळलं की तो पडद्यावर आला रे आला की मी नायकाकडे बघतच नाही. ते रुंद डोकं, ते जड पंजे, सगळा वाघच. इतका मोठा प्राणी इतक्या गंभीरपणे दुसऱ्याचं सोंग वठवतोय हे बघत बसतो. याला 'लोभस' म्हणेन. लोभ जडायला आधीची ओळख लागत नाही.

प्रतिसाद : बी म्हणजे दुय्यम नव्हे

एक छोटी सुधारणा, कारण पुढे कुणीतरी 'बी-ग्रेड' म्हणणारच. अमेरिकेत १९३०च्या दशकात एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. मोठा तो ए, जोडीला कमी खर्चाचा तो बी. ते जागेचं आणि अंदाजपत्रकाचं नाव होतं, त्यात दर्जाची शिवी नव्हती. आपल्याकडे 'ग्रेड' चिकटलं आणि चाळीस टक्के गुण पडल्यासारखा वास आला. त्यापेक्षा 'कोंड्याचा मांडा' म्हणा.

प्रतिसाद : नजरबंदी

सगळे चित्रपटाच्या नावामागे लागलात, करामतीचं नाव राहिलं. 'स्पेशल इफेक्ट'ला लोक 'विशेष परिणाम' लिहितात तेव्हा औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचल्यासारखं वाटतं. 'नजरबंदी' घ्या ना. हिंदीत नजरबंद म्हणजे घरात अडकवलेला, पण त्यासाठी आपल्याकडे 'नजरकैद' आहे. मराठी नजरबंदी ही गारुड्याची, जादूगाराची.

आणि हा शब्द इतिहासालाही धरून आहे. आद्य फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएस चित्रपटाकडे वळण्याआधी पॅरिसमध्ये जादूचे प्रयोग करणारं नाट्यगृह चालवत होता. आपले दादासाहेब फाळके 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करत. आडनाव उलटं वाचलं की झालं टोपणनाव. पुढे १९३७च्या 'ख्वाब की दुनिया'त बाबूभाई मिस्त्रींनी अदृश्य माणसाच्या हातून वस्तू हलवून दाखवल्या त्या काळ्या पार्श्वभूमीवरच्या काळ्या दोऱ्याने. काळ्यावर काळं कॅमेऱ्याला दिसत नाही, बस्स. तेव्हापासून त्यांचं नावच 'काला धागा' पडलं. पदव्या बऱ्याच असतात, पण स्वतःच्या युक्तीचं नाव पडणं ही चैन निराळी.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार. 'अद्भुतपट' आणि 'नजरबंदी' घेतले. 'भूल' आणि 'लोभस' यांत अजून माझं ठरत नाही. तिकडे वाघ आहे, इकडे सांगाडे. नॉस्टॅल्जियाला मात्र आता काहीच लिहिणार नाही. ज्याने गेल्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं त्यालाही आवडतं म्हटल्यावर तो शब्द माझ्या लेखात उपराच.

कोंड्याचा मांडा वाचून दुसरी म्हण आठवली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. या मंडळींनी नेमकं तेच आणायचा प्रयत्न केला, आणि आपण बघत बसतो ते त्याचं उसवलेलं टोक.

काळ्या दोऱ्याने मथळ्याचाही प्रश्न सोडवला. 'सुतावरून स्वर्ग गाठणे' हे आजवर मी उतावळ्या तर्काला हिणवायला वापरत होतो. या चित्रपटांतल्या उडत्या गालिच्याच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे : वर गालिचा टांगायच्या तारा, मागे पडद्यावर सरकणारे ढग, आणि पोचले सगळे स्वर्गात. सेनापतीचं चिलखतसुद्धा सुताचंच होतं.